सिंदेवाहीला उतरा

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड करत निघालेली गाडी सिंदेवाहीत थांबते ती बहुधा चहापुरती. आत बसलेल्यांच्या डोळ्यांपुढे ताडोबा असतो. कोणत्या गेटचे बुकिंग आहे, काल कोणती वाघीण पिल्लांसह दिसली, पहाटेची जिप्सी किती वाजता येणार, याच गोष्टी चाललेल्या असतात. चहा संपतो, गाडी सुटते आणि चंद्रपूर जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव मागे पडते. मला याची मनापासून खंत वाटते. पूर्व विदर्भ समजून घ्यायचा तर वाघाच्या आधी तलाव पाहावा लागतो आणि तलावाखालचे धान पाहावे लागते. ही दोन्ही जिथे हाताशी आहेत असे गाव म्हणजे सिंदेवाही. त्यासाठी एक अख्खा रिकामा दिवस हवा. सोबत तंबू असला तर फारच चांगले, कारण मग पहाट आणि रात्रही आपली होते.

या मुलखात तंबू ठोकून राहणे ही नवी हौस नव्हे. 1853 साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले, 1861 साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि तेव्हाच्या चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्याच्या जमाबंदीचे काम मेजर लुसी स्मिथ या अधिकाऱ्याकडे आले. त्याचा 1869 चा अहवाल आजही या भागाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. मध्य प्रांतातली अधिकारी मंडळी पावसाळा सरला की दौऱ्यावर निघत. आमराईत तंबू पडत, तिथेच मालगुजार (गावाचा सारा भरणारे जमीनदार), पटवारी, कोतवाल जमत, तिथेच फिर्यादी ऐकल्या जात, आणि दोन-चार दिवसांनी सगळा संसार बैलगाड्यांवर लादून पुढच्या गावी जाई. हिवाळाभर सरकार तंबूतून चाले. चांदा जिल्ह्याचे वर्णन म्हणून आपण जे वाचतो, त्यातले पुष्कळसे अशा मुक्कामांतून गोळा झालेले आहे.

साहेबांच्या तंबूंशी काही देणेघेणे नसलेली, त्याहून जुनी मुक्कामाची रीत कुरमार मेंढपाळांची. धान कापून शेत मोकळे झाले की शेतकरी त्यांना आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या शेतात, मेंढ्या बसवायला बोलावतो. कळप रात्रभर तिथे बसतो, जमिनीला लेंडीखत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात हिवाळ्यात फिरताना दोन-चार खाटा, भांडी, घोंगड्या आणि राखणीची कुत्री असा संसार शेताच्या मधोमध मांडलेला दिसतो. शेजारच्या मूल तालुक्यात, सोमनाथला, बाबा आमटे यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून भरते आहे, आणि तीही ऐन मे महिन्यात. चंद्रपूरचा मे म्हणजे काय हे ज्याने सोसले आहे त्यालाच त्या तरुणांच्या जिद्दीची कल्पना येईल.

आता तंबू कुठे लावायचा? जंगलात नाही, हे आधी सांगून टाकतो. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातले शिवणी वनपरिक्षेत्र याच तालुक्यात येते. तालुक्याचा मोठा भाग ब्रह्मपुरी वनविभागात आहे, आणि हा वनविभाग व्याघ्र प्रकल्पाबाहेर असूनही तिथे वाघ भरपूर आहेत. इथे जंगल आणि गाव यांच्यामध्ये कुंपण नाही. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही वनपरिक्षेत्रात तेंदूपाने तोडायला गेलेल्या मेंढामाल गावच्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तेंदूचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. तेवढ्यात पानांचे पुडे बांधून जे पैसे हातात येतात त्यावर पावसाळ्याची तजवीज होते. म्हणून जीव मुठीत धरून बायका पहाटे रानात जातात. ज्या रानात माणसे पोटासाठी अशी जातात तिथे आपण मौज म्हणून शेकोटी पेटवून बसणे मला बरोबर वाटत नाही, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय ते कायद्यातही बसत नाही. तंबू लावावा तो वस्तीत, ओळखीच्या शेतकऱ्याच्या अंगणात किंवा घराला लागून असलेल्या मोकळ्या जागेत. पोलीस पाटलांच्या कानावर घालावे. अंधार पडल्यावर एकट्याने शेताकडे जाऊ नये. एवढे पाळले की गाव तुम्हाला सांभाळून घेते.

डिसेंबरातली पहाट इथे चांगली बोचरी असते. तंबूच्या कापडावर दव साचते. उजाडले की पहिल्यांदा तलावाच्या पाळीवर जावे. कोणत्याही गावी जा, तलाव सापडतोच. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया आणि नागपूरचा काही भाग मिळून साडेसहा हजारांच्या वर जुने तलाव आहेत. सरकारदरबारी त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, लोक नुसते मामा तलाव म्हणतात. चांद्याच्या गोंड राजांपैकी हीरशहाबद्दल अशी परंपरा सांगतात, की जंगल तोडून जमीन काढील त्याला ती जमीन, आणि तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन, असा त्याचा नियम होता. शेकडो वर्षांपूर्वीचे हे धोरण आजच्या जलसंधारणाच्या कोणत्याही योजनेपेक्षा सुटसुटीत होते असे माझे मत आहे. पैसा राजाचा नाही, मेहनत गावाची, आणि फळ थेट मेहनत करणाऱ्याला. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. उतार ओळखणे, पाळ कुठे घालायची, जास्तीचे पाणी कोणत्या बाजूने काढायचे, हे त्यांना नजरेने कळे.

पाळीवरून चालताना तलावाची रचना डोळ्यांदेखत उलगडते. वरच्या अंगाला पाणी येण्याचा पसारा, त्यात जंगलाचा तुकडा. मध्ये पाणी. खाली तुडुम, म्हणजे पाणी सोडायची जागा. तुडुमातून निघालेला पाट एका बांधीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत पाणी नेतो. धानाला हंगामभर पाणी लागते असे नाही. पण नेमका निसवायच्या वेळी पाऊस दगा देतो आणि तेव्हाच्या एक-दोन पाण्यांवर सगळे पीक अवलंबून असते. हजार-बाराशे मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात तलाव कशाला, या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. तलाव हे त्या शेवटच्या पाण्याचे विमाकवच.

1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि 1951 पासून हे तलाव सरकारचे झाले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले. मालगुजाराच्या काळात गाळ काढणे, पाळ बुजवणे ही कामे गाव मिळून करी, त्यात वेठबिगारही होती, ते विसरता कामा नये. पण मालकी गेल्यावर जबाबदारी कोणाची हा प्रश्न उरला तो उरलाच. गाळ साचत गेला, पाणलोटात अतिक्रमणे झाली, बेशरमाची झुडपे माजली. ढिवर समाजाच्या मासेमारीच्या सहकारी संस्थांनी मात्र तलावाशी नाते टिकवले आहे. सकाळी त्यांची जाळी ओढली जात असतात. शिंगाड्याचे वेल पसरलेले असतात. काठावर अडई बदकांचे थवे शिट्ट्या घालत उतरतात.

अशाच एका पाळीवर धोतर-पांघरुणातल्या एका म्हाताऱ्याबाबांनी मला हटकले होते. "वाघ पाहाले आले का जी?" मी म्हटले, नाही बाबाजी, तलाव पाहायला. ते थोडा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "तलाव पाहाले कोनी येत नाई. या, दाखवतो." आणि त्यांनी मला पाळीच्या टोकापर्यंत नेऊन कोणत्या साली कुठे पाळ फुटली होती, पाणी कोणाच्या बांधीत शिरले होते, ते सगळे दाखवले. या भागात बोलण्यात पदोपदी येणारे 'जी' आहे ना, त्यात जी अदब आहे ती पुण्या-मुंबईच्या 'सर'मध्ये मला कधी आढळली नाही.

इंग्रजांनीही शेवटी तलावांचाच मार्ग धरला. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी मध्य प्रांताचे कंबरडे मोडले. त्यानंतर 1901 ते 1903 या काळात सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग बसला आणि धानाच्या पट्ट्यात मोठे सरकारी तलाव बांधायला चालना मिळाली. सिंदेवाही तालुक्यातला नलेश्वर, नागभीड तालुक्यातला घोडाझरी, सावली तालुक्यातला असोलामेंढा हे त्या पिढीतले तलाव. घोडाझरीच्या परिसराला 2018 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. असोलामेंढ्याच्या पोटात आता गोसीखुर्द धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी येते. गोसीखुर्दची पायाभरणी 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते झाली होती. त्या पाण्याची वाट पाहण्यात इथल्या शेतकऱ्यांची एक पिढी म्हातारी झाली.

ऊन वर आले की गावात यावे. सिंदेवाही आणि लोनवाही यांची मिळून एक नगरपंचायत आहे. गाव पायी फिरण्याएवढेच आहे. तहसील, बसस्थानक, धान्याची दुकाने, राइस मिलची धुराडी, आलूबोंड्यावर तर्री ओतून देणारी टपरी. बुरुडांकडे सुपे, टोपल्या आणि मासे ठेवायची बांबूची भांडी मिळतात. आठवडी बाजार गाठता आला तर जरूर गाठावा. उन्हाळ्याच्या तोंडाशी गेलात तर मोहफुले आणि चार (चारोळीची फळे) दिसतील, हिवाळ्यात लाखोळीची कोवळी भाजी. लाखोळी हे धानाच्या मागून येणारे पीक. उभ्या धानातच, जमिनीत ओल आहे तोवर ती फेकून पेरतात. धान कापले की ती वर येते. वेगळी नांगरणी नाही, वेगळे पाणी नाही.

रेल्वे स्टेशनही चुकवू नये. बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत गोंदिया, नागभीड, चांदा फोर्ट असा अडीच फुटी अरुंद मार्ग या जंगलातून काढला. नागभीड, तळोधी रोड, आलेवाही, सिंदेवाही, राजोली, मूल मारोडा, केळझर ही त्यावरची स्टेशने. लाकूड, बांबू, धान बाहेर जायला हीच वाट झाली. 1990 च्या दशकात हा मार्ग रुंद झाला. नागपूर-नागभीड हा सख्खा फाटा मात्र अरुंदच राहिला आणि त्यावरची छोटी गाडी 25 नोव्हेंबर 2019 पर्यंत धावली. रुंद मार्गाने वेग आणला आणि त्या वेगाची किंमतही. नोव्हेंबर 2018 मध्ये चिचपल्लीच्या जंगलात याच मार्गावर गाडीखाली वाघाचे तीन बछडे मेले. तरीही सांगतो, बल्लारपूर-गोंदिया पॅसेंजरने सिंदेवाहीला उतरणे हा इथे येण्याचा सर्वांत सुंदर मार्ग आहे. खिडकीतून सागवान, मग बांध्या, मग पुन्हा सागवान, आणि मध्येच चमकून जाणारा एखादा तलाव.

दुपार राखून ठेवावी ती धानाच्या संशोधन केंद्रासाठी. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे पूर्व विदर्भासाठीचे विभागीय कृषी संशोधन केंद्र सिंदेवाहीत आहे. आधी विचारून गेले तर प्रक्षेत्र पाहता येते. एका ओळीत ठेंगणे धान, शेजारी उंच, एक कापणीला आलेले, दुसरे अजून हिरवे. प्रत्येक तुकड्यापुढे पाटी. या केंद्रातून निघालेल्या वाणांनी पूर्व विदर्भातल्या बांध्या भरल्या आहेत. पण ज्या एका वाणाने या केंद्राचे नाव दूरवर नेले त्याची सुरुवात केंद्राच्या कुंपणाबाहेर झाली होती. ही हकिकत माहीत असल्याशिवाय सिंदेवाही पाहिली असे म्हणता येणार नाही.

नागभीड तालुक्यातल्या नांदेड या खेड्यात दादाजी रामाजी खोब्रागडे राहत. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. 1983 साली पटेल-3 या धानाच्या उभ्या पिकात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा बारीक, रंग पिवळसर. हजारो शेतकऱ्यांनी अशा लोंब्या पाहून सोडून दिल्या असतील. दादाजींनी त्या वेगळ्या काढून जपल्या, पुढच्या वर्षी शेताच्या मधोमध थोड्या जागेत पेरल्या, रानडुकरे येऊ नयेत म्हणून भोवती काटेरी कुंपण घातले. पाच वर्षे हीच निवड चालली. 1988 च्या सुमारास वाण स्थिर झाला. उत्पन्न जास्त, दाणा बारीक, भाताला वास आणि चव. बाजारात गेल्यावर त्याला नाव हवे होते. तेव्हा मनगटावर एचएमटीचे घड्याळ असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. तळोधीच्या बाजारात तेच नाव धानाला चिकटले.

1994 साली सिंदेवाहीच्या केंद्राने दादाजींकडून पाच किलो बियाणे चाचणीसाठी नेले. 1998 साली विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' हा वाण प्रसारित केला. विद्यापीठाचे म्हणणे असे, की शेतकऱ्याच्या बियाण्यातून शुद्ध निवड करून, चाचण्या घेऊन वाण प्रमाणित करणे हे स्वतंत्र शास्त्रीय काम आहे. ते काम आहेच, आणि ते सोपे नाही. पण मूळ शोध कोणाचा याची उघड नोंद पहिल्या दिवसापासून व्हायला हवी होती. ती झाली नाही. नाव आणि श्रेय मिळवायला दादाजींना वर्षानुवर्षे झगडावे लागले. 2005 साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. 2010 साली फोर्ब्ज मासिकाने त्यांना ग्रामीण उद्योजकांच्या यादीत घेतले. एचएमटीनंतर डीआरके, नांदेड-92, नांदेड हीरा, विजय नांदेड, दीपक रत्न असे वाण त्यांनी त्याच तुटपुंज्या जमिनीत काढले. एवढे होऊनही घरची ओढाताण संपली नाही. 3 जून 2018 रोजी गडचिरोलीच्या शोधग्राममध्ये त्यांचे निधन झाले. आज महाराष्ट्रात, छत्तीसगडात, मध्य प्रदेशात ज्या पिशवीवर एचएमटी लिहिलेले असते ती विकत घेणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णव माणसांना हे नाव ठाऊक नसते. घड्याळाचे नाव मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रक्षेत्रातून बाहेर पडल्यावर गावातल्या बांध्या वेगळ्या दिसू लागतात. मृगात रोपांसाठी पऱ्हे टाकलेले, आषाढ-श्रावणात चिखलात वाकून बायकांनी रोवणा केलेला, दिवाळीच्या मागेपुढे कापून कडपा पसरलेला, मग भारे बांधून पुंजणे रचलेले. मळणीयंत्र आले, पण रोवण्याला अजून बहुतेक ठिकाणी बायकांचाच हात लागतो. तांदूळ विकत घ्यायचा असेल तर थेट शेतकऱ्याकडून किंवा गावातल्या मिलमधून घ्यावा. नवा तांदूळ शिजायला चिकट होतो, म्हणून जाणकार घरी वर्षभर जुना करून मग वापरतात.

संध्याकाळी एकच काम, नाटक पाहणे. दिवाळी झाली की होळीपर्यंत झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम असतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचे मुख्य केंद्र. तिथे नाट्यमंडळांची कार्यालये आहेत आणि गावोगावचे लोक येऊन प्रयोग ठरवतात. मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि नाटक यांची सांगड जुनी. बैलांच्या शर्यतींवर 2014 साली आलेल्या बंदीने पट थांबले तेव्हा नाटकांनाही त्याची झळ बसली. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचा कायदा वैध ठरवला आणि पट पुन्हा निर्धास्तपणे भरू लागले. त्याच वर्षी झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. सिंदेवाही तालुक्यातले नवरगाव हे नाटकाचे गाव म्हणून ओळखले जाते. नाटककार-दिग्दर्शक सदानंद बोरकर तिथलेच. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत प्रयोग चालतो. लेकीबाळी, जावई, पाहुणे, सगळे पांघरुणे घेऊन आलेले. गाणी जिवंत वाद्यांवर. टाळ्या, शिट्ट्या, रडूही. प्रेक्षक पैसे मोजून तिकीट काढतात, तेही शेकड्यांनी, आणि त्या तिकिटांच्या जोरावर ही रंगभूमी उभी आहे. व्यावसायिक नाटकाच्या भवितव्याची चिंता करणाऱ्यांनी इथली एक रात्र जरूर काढावी. प्रयोग संपल्यावर मात्र अंधारात पायी तंबू गाठू नये. गावकऱ्यांच्या ट्रॅक्टरवर किंवा गाडीतूनच परतावे.

नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारी हा इथे येण्याचा उत्तम काळ. नागपूरहून रस्त्याने साधारण तीन तास लागतात. ताडोब्याची सफारी करणार असाल तर खुशाल करा, पण तिच्या आधी किंवा नंतर सिंदेवाहीला एक दिवस द्या. आणि कृषी विद्यापीठाला, नगरपंचायतीला, जिल्हा परिषदेला एक विनंती. या गावात धानाचे आणि तलावांचे एक छोटे संग्रहालय उभे करा. जुने वाण, रोवण्याची-कापणीची अवजारे, तुडुमाचा नमुना, मामा तलावांचा नकाशा, एवढे ठेवायला दोन खोल्या पुरतील. त्यातल्या पहिल्या भिंतीवर दादाजी रामाजी खोब्रागडे यांचे नाव ठळक अक्षरांत लिहा.